नाव घातलेला डबा

तुळशीचे लग्न लागले की दिवाळी संपली असे आपण म्हणतो. पण घरातल्या बाईमाणसाला विचाराल तर दिवाळी त्यानंतरही कित्येक महिने माळ्यावर शिल्लक असते. ती असते रिकाम्या खोक्यांच्या रूपाने. (२०२२ सालापासून महाराष्ट्रात ‘खोके’ हा शब्द जरा जपूनच वापरावा लागतो. संपादक मंडळाने निश्चिंत असावे, माझी खोकी निव्वळ पुठ्ठ्याची आहेत.) सोनेरी, मखमली, आत साटिनचे अस्तर लावलेली, लोहचुंबकाने ‘टक्’ करून बंद होणारी ही खोकी इतकी देखणी असतात की फेकवत नाहीत, आणि ठेवावीत तर कशालाही उपयोगी पडत नाहीत. ‘असू दे, पुढच्या वर्षी लागेल’ असे म्हणून ती वर चढतात. पुढच्या वर्षी त्यांच्या शेजारी नवी येऊन बसतात.

या खोक्यांविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे. त्याला कारण असे की, माझी आई घरी चॉकलेटे करून विकते. तेव्हा या प्रश्नात मी तटस्थ नाही, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे.

साताऱ्यात गोड म्हटले की कंदी पेढा. तरीही आता इथे जवळजवळ प्रत्येक आळीत एखादी तरी गृहिणी चॉकलेटे करताना आढळते. ज्यांना ही कला ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कंपाउंड नावाचा चॉकलेटचा स्लॅब बाजारात मिळतो. त्याचे तुकडे करून उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात ते वितळवायचे. त्यात पाण्याचा एक थेंब जरी पडला तरी सगळा ऐवज घट्ट, रवाळ होऊन बसतो, म्हणून त्या वेळी आमच्या ओट्याजवळ कोणी हातसुद्धा धुवायचे नाहीत. मग ते साच्यात ओतायचे, मध्ये बदाम, काजू किंवा आईची खास युक्ती म्हणजे भाजलेल्या तिळाचे सारण घालायचे, साचा हलकेच आपटून हवेचे बुडबुडे घालवायचे, थंड करायचे आणि एकेक चॉकलेट रंगीत चांदीत गुंडाळायचे. जाणकार नाक मुरडतात की कंपाउंड हे खरे चॉकलेटच नव्हे. त्यांचे म्हणणे खरे आहे. अस्सल चॉकलेटात कोकोचे स्वतःचे लोणी असते, कंपाउंडात त्याऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. पण कोकोचे लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळते आणि आमचा एप्रिल महिना त्याच्या पुढे जातो. शिवाय २०२४ साली जागतिक बाजारात कोकोचा भाव टनाला १०,००० डॉलरच्याही वर गेला. शुद्धतेचा आग्रह धरायला वातानुकूलित खोली आणि भरलेला खिसा, दोन्ही लागतात.

आता हिशेबाकडे वळू. आईच्या वहीत २०२३ च्या दिवाळीचा हिशेब आहे. पाव किलोची किंमत २२० रुपये. त्यात सामान, चांदी, गॅस मिळून ११० रुपये. खोके ६५ रुपये. उरले ४५. हे ४५ म्हणजे नफा नव्हे, ती तिची मजुरी आहे. रात्री अकरा वाजता चांदी गुंडाळत बसलेल्या बाईच्या कष्टाला ४५ रुपये आणि जे खोके दुसऱ्या दिवशी माळ्यावर जाणार त्याला ६५. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे, परंतु या वाटणीचे समर्थन करणारा सिद्धांत मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही.

मग साधे खोके का वापरत नाही, असे कोणी विचारील. त्याच वर्षी एका ऑफिसातून दोनशे पुड्यांची चौकशी आली. साहेबांनी नमुना खाल्ला. तिळाचे चॉकलेट त्यांना फार आवडले, दोनदा मागून घेतले. शेवटी म्हणाले, “चव उत्तम आहे हो ताई, पण बॉक्स रिच पाहिजे. आणि आमच्या वरच्यांचं म्हणणं, तो पुन्हा वापरता आला पाहिजे.” आईकडे तसे खोके नव्हते. काम दुसरीकडे गेले. आईने उरलेला नमुना आम्हांला वाटून टाकला आणि पुढे आठवडाभर ती बोहरी आळीतल्या दुकानदारांना फोन करत होती.

‘वेगळे दिसावे आणि पुन्हा वापरता यावे’ या दोन अटी हल्ली सगळेच घालतात. वाईट काहीच नाही त्यात. मिठाईच्या खोक्याभोवती गुंडाळायची प्लॅस्टिकची पातळ फिल्म १ जुलै २०२२ पासून देशभर बंद झाली, ते योग्यच झाले. पण पुन्हा वापरण्याची गोष्ट बाजाराने उचलली आणि तिची पार दशा केली. पुठ्ठा दुप्पट जाड केला, त्यावर चकचकीत थर चढवला, चुंबक बसवला आणि कोपऱ्यात बाणांचे चिन्ह छापले, की झाले खोके पुन्हा वापरण्याजोगे! पुन्हा वापरायचे कशासाठी, हे मात्र कोणी सांगत नाही. त्यात डाळ राहत नाही, कारण झाकण घट्ट नाही. धुता येत नाही, कारण तो पुठ्ठा आहे. दागिने ठेवावेत, तर चॉकलेटच्या खोक्यांच्या संख्येने दागिने आमच्या घरात नाहीत. आमचा रद्दीवालासुद्धा असली खोकी बाजूला काढतो. साधा पुठ्ठा घेतो, चमकीचा नको म्हणतो.

माझे म्हणणे असे आहे की, एखादी वस्तू पुन्हा वापरली जाणे हा त्या वस्तूचा गुण नसून ती ज्या घरात जाते त्या घराचा गुण आहे. घराला तिची जागा ठाऊक असेल तर ती राहते, नाहीतर नुसती पडून राहते.

पुरावा हवा असेल तर कोणत्याही मराठी घरातला फ्रीज उघडा. त्यात श्रीखंडाचे निदान चार डबे असतील आणि एकातही श्रीखंड नसेल. एकात खवलेला नारळ, एकात कढीपत्ता, एकात परवाची उसळ आणि चौथ्यात काय आहे हे झाकण काढल्याखेरीज घरच्या बाईलाही सांगता येणार नाही. आम्ही लहानपणी श्रीखंडाच्या आशेने झाकण काढून आल्याच्या तुकड्यांकडे पाहत उभे राहिलो आहोत. त्या डब्यावर ‘पुन्हा वापरा’ असे लिहावे लागत नाही. तोंड रुंद, हात आत जातो, झाकण बसते, धुता येतो, एकावर एक रचता येतो, आणि फुटला तर हळहळ वाटत नाही. आंब्याच्या लाकडी पेटीचेही असेच. तिचे फडताळ झाले, तिच्यात जुनी पुस्तके राहिली, चपला राहिल्या. डालडाच्या पिवळ्या डब्यात तुळस वाढली. आजीच्या पिढीत रॉकेलच्या डब्याला कडी लावून पाणी तापवीत. यांतल्या एकाही डब्याची रचना कोणा कलावंताने पुनर्वापराचा विचार करून केली नव्हती.

दुसरा एक प्रकार आहे, तो म्हणजे परत जाणारी वस्तू. मुंबईत एके काळी आरेचे दूध काचेच्या बाटल्यांतून मिळे. रिकामी बाटली दिल्याखेरीज भरलेली मिळत नसे, आणि म्हणून ती परत जाई. तिथे गिऱ्हाइकाच्या सुसंस्कृतपणावर काही अवलंबून ठेवलेले नव्हते. सगळे केंद्रावरच्या व्यवहारावर होते.

चॉकलेटाच्या डब्याचा इतिहासही मोठा मौजेचा आहे. इंग्लंडात रिचर्ड कॅडबरी याने १८६८ च्या सुमारास स्वतः काढलेली चित्रे खोक्यांवर छापून चॉकलेटे विकायला काढली. लोक ती खोकी जपून ठेवीत, त्यांत पत्रे आणि किडूकमिडूक ठेवीत. पुढे १९०० सालच्या नववर्षाला व्हिक्टोरिया राणीने दक्षिण आफ्रिकेत लढणाऱ्या आपल्या शिपायांना पत्र्याच्या डब्यातून अर्धा पौंड चॉकलेट पाठविले. म्हणजे आमच्या पाव किलोपेक्षा थोडेसेच कमी. ते ज्या कारखान्यांनी केले त्यांचे मालक क्वेकर पंथाचे, युद्धाला विरोध करणारे. डब्यांवर आपले नाव असू नये अशी त्यांची इच्छा होती. डब्यावर राहिले ते राणीचे चित्र आणि तिच्या हस्ताक्षरातल्या शुभेच्छा. कित्येकांनी ते चॉकलेट खाल्लेच नाही. नॉरफोक परगण्यातल्या ऑक्सबर्ग हॉल नावाच्या जुन्या वाड्यात असा एक डबा शिरस्त्राणाच्या पेटीत मिळाला, आत १२१ वर्षांचे चॉकलेट तसेच! ती बातमी २०२१ मध्ये आली होती.

हे डबे लोकांनी का जपले? एक तर ज्या घरात छापील रंगीत चित्र दुर्मिळ होते तिथे खोक्यावरचे चित्र हीच मोठी संपत्ती होती. आणि दुसरे, तो डबा कोणाकडून आला हे ठळकपणे ठाऊक होते. पहिले कारण आज उरलेले नाही. चित्रांचा आपल्या मोबाइलात इतका सुकाळ आहे की खोक्यावरच्या मोराकडे कोणी पाहतही नाही. दुसरे कारण मात्र अजून जिवंत आहे, त्याकडे मी येणारच आहे.

त्याआधी बटव्याबद्दल बोलले पाहिजे, कारण माझ्या मैत्रिणी हटकून तोच सुचवतात. खणाचा बटवा, वर गोंडा, आत चॉकलेटे. दिसतो गोड. परंतु चॉकलेटातली चरबी भोवतालचा वास ओढून घेते. कपाटातल्या डांबरगोळ्यांची, शेजारच्या मसाल्याची चव त्याला बघता बघता लागते. कापड ते काय अडवणार? आणि बटवे किती हवेत एका बाईला? संक्रांतीच्या हळदीकुंकवात आमच्याकडे जे वाण लुटतात त्याची गती आपण जाणतोच. यंदा काकूंनी दिलेला बटवा पुढच्या वर्षी आईकडून मावशीला जातो, तिच्याकडून विहीणबाईंना, आणि एखाद्या वर्षी तोच बटवा फिरून काकूंच्या ओटीत पडतो. तो नुसता प्रवास आहे, त्याला वापर म्हणता येणार नाही.

सावंतवाडीच्या लाखकामाच्या डब्या कोणी सुचवल्या होत्या. त्यांना मी नाही म्हणणार नाही. तिथली गंजिफा तर रंगवलेल्या, सरकत्या झाकणाच्या लाकडी पेटीतच असते, आणि पत्त्यांइतकीच ती पेटीही माणसे जपतात. लग्नाच्या भेटीत अशी पेटी शोभेल, चॉकलेटे आतून नीट गुंडाळून घेतली की रंगाचा वासही लागणार नाही. माझी अट एकच. पेटी स्वस्त पाडण्यासाठी त्या चितारी कलावंताची मजुरी कापू नये. आईचे ४५ रुपये वाचवायला निघालेल्या मुलीने दुसऱ्याचे ४५ कापायचे, हे काही बरे नव्हे.

आता ते दुसरे कारण. आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची पद्धत आहे. लग्नात आलेल्या पातेल्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख. श्राद्धाला वाटलेल्या तांब्यावर ‘कै.’ लिहून गेलेल्या माणसाचे नाव. भांड्याच्या दुकानात ते टिपक्या-टिपक्यांच्या अक्षरांत कोरून मिळते. विरजणाला नेलेली वाटी कोणाची हे उलटी करून वाचता येते. आणि या पद्धतीच्या जोडीला दुसरी पद्धत आहे, शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही. काही नसले तर चिमूटभर साखर तरी घालायची. वेगळेपण आणि पुनर्वापर या दोन्ही अटी आपल्या आज्यांनी टिपक्यांच्या अक्षरांत केव्हाच पुऱ्या करून ठेवल्या होत्या.

२०२४ च्या दिवाळीला आईने ४० स्टीलचे डबे आणले, ८५ रुपयांना एक. दुकानदाराने नाव घालण्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. आमचे आडनाव आणि खाली एक ते चाळीस आकडे. डबे फक्त गावातल्या, ओळखीच्या गिऱ्हाइकांना दिले. खर्च ३,४०० रुपये. तेवढीच खोकी घेतली असती तर २,६०० लागले असते, पण ते दर सणाला. संक्रांतीपर्यंत ३१ डबे परत आले. त्यांतले रिकामे फक्त चार. बाकीच्यांत चिवडा होता, लिंबाचे लोणचे होते, ओल्या शेंगा होत्या, एका डब्यात कोरेगावकडचा वाघ्या घेवडा होता, कित्येकांत नुसती साखर. एकात चिठ्ठी होती, ‘वहिनी, संक्रांतीला तिळाची अर्धा किलो.’ नऊ डबे आले नाहीत, म्हणजे ७६५ रुपये गेले. पण संक्रांतीला नव्या खोक्यांना जे पैसे पडले असते ते वाचले, आणि आईच्या मजुरीचा आकडा वहीत पहिल्यांदाच १०० च्या वर गेला.

स्टीलच का, तर त्याला वास धरून राहत नाही. लोणच्याचा डबा कढत पाण्याने धुऊन उन्हात ठेवला की झाले. प्लॅस्टिकचा डबा लोणच्याची आठवण जन्मभर बाळगतो. शिवाय झाकण घट्ट असल्याने एक फायदा असा की, फ्रीजमधून काढलेला डबा खोलीच्या हवेला येईपर्यंत न उघडता तसाच ठेवला तर चॉकलेटवर दव धरत नाही आणि पुढे वर येणारी साखरेची पांढुरकी साय टळते. त्या सायीला बुरशी समजून लोक चांगली चॉकलेटे टाकून देतात.

अडचणी नाहीत असे नाही. एका काकूंनी विचारले, “अगं, नणंदेला भेट द्यायची आणि मग तिच्याकडे डबा परत मागू? मला काय म्हणेल ती?” प्रश्न बिनतोड होता. त्यावर आईने असे ठरवले की, भेट द्यायची असेल तर डब्याची किंमत निराळी लावायची आणि त्यावर आमचे नव्हे, ज्याला द्यायचे त्याचे नाव घालून आणायचे. दोन दिवस आधी सांगावे लागते, पण तो डबा त्या घरचा होऊन जातो. बाहेरगावी पाठवायचे तर स्टीलचे वजन परवडत नाही, तिथे साधे पुठ्ठ्याचे खोके, बिनचमकीचे, जे रद्दीवाला घेईल असे. आणि ऑफिसांच्या ‘रिच’ खोक्यांपुढे आमचे काही चालत नाही हे मान्य.

पण एक अडचण निराळी होती. संक्रांतीच्या वेळी एक बाई डबा हातात घेऊन आकडा वाचत म्हणाल्या, “हा सतरा नंबर आधी कोणाकडे गेला होता?” आईला वाटले, तडा-बिडा दिसला असेल. ती म्हणाली, “लक्षात नाही हो, पण उकळत्या पाण्यातून काढलाय.” त्या म्हणाल्या, “तसं नाही. कोणाकोणाच्या घरी जातात हे डबे, ते विचारते.” मग आईला प्रश्न कळला. मलाही कळला. आईने काही न बोलता चॉकलेटे कागदी पिशवीत घालून दिली, पैसे घेतले, आणि सतरा नंबरचा डबा पुसून फळीवर पहिल्या रांगेत ठेवला.

मला त्या बाईंना विचारायचे होते की, हॉटेलात चहा पिताना तुम्ही कपाला असे विचारता का? लग्नाच्या पंगतीतल्या भाड्याच्या ताटाला विचारता? विचारले नाही, कारण धंदा आईचा आहे आणि गिऱ्हाईकही तिचे आहे. पण त्या सोनेरी खोक्यांविषयी एक गोष्ट त्या दिवशी माझ्या ध्यानात आली. नवे कोरे, एकदाच वापरायचे खोके आपल्याला जे इतके स्वच्छ वाटते त्यात धुळीचा प्रश्न थोडा आहे. ते आधी कोणाच्याच घरी गेलेले नसते, त्याचे समाधान जास्त आहे. पुनर्वापराच्या घोषणा देणाऱ्यांनी, आणि आमच्या महाविद्यालयातही त्या दरवर्षी भिंतीवर रंगवल्या जातात, या गोष्टीचा विचार केलेला मला दिसत नाही. एकमेकांचा डबा वापरायचा तर एकमेकांचे घर चालले पाहिजे. तेव्हापासून आई अनोळखी गिऱ्हाइकालाही डबाच पुढे करते. कोणी पिशवी मागितली तर देते, पण आधी डबा.

या दिवाळीला आणखी वीस डबे आणायचे आहेत. अनामत घ्यावी की नाही यावर घरात वाद चालू आहे. मी घ्यावी या मताची आहे, बाबांचेही तेच मत. आई म्हणते, अनामत घेतली तर लोक डबे रिकामे आणून देतील, आणि घेवडा यायचा बंद होईल.

न आलेल्या नऊ डब्यांपैकी तीन कुठे आहेत ते मला ठाऊक आहे. आठ आणि तेवीस हे आमच्या प्राध्यापक कक्षातल्या कपाटावर आहेत. आठमध्ये खडू आहेत, तेवीसमध्ये टाचण्या. ग्रंथालयाच्या खिडकीतल्या एकतीस नंबरात शिक्क्याची शाई ठेवली आहे, तो आता परत नको. पहिले दोन मात्र गुरुजनांनी सवडीने पाठवावेत ही नम्र विनंती. रिकामे दिले तरी चालतील.